पुष्पलतावहिनीची रिक्षा आणि कुठेबाई

बोईसरजवळच्या नवापूरच्या नाक्यावर माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज मारणे, फुटलेली काच बदलणे, आधार जोडणे, आणि नातवाने भलतंच काही दाबल्यामुळे गुजरातीत बोलू लागलेला आजीचा फोन पुन्हा मराठीवर आणणे, ही सगळी कामं मी करतो. त्यामुळे गावात कोणाच्या फोनमध्ये काय आहे ते मला ठाऊक असतं आणि मी ते कोणाला सांगत नाही. निदान लगेच तरी सांगत नाही. पण माझ्या वहिनीची हकीकत सांगायला हरकत नाही, कारण ती अख्ख्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. मी सांगितली नाही तर दुसरा कोणी तरी तिखटमीठ लावून सांगेल. तिखटमीठ लावायचंच तर ते घरच्याने लावावं.

वहिनीचं नाव पुष्पलता तामोरे. माझ्या थोरल्या भावाची, नीलेशदादाची बायको. दादा बोटीवर खलाशी आहे. तो पाण्यात असला की आठवडा आठवडा दिसत नाही, आणि घरी असला की झोपलेला असतो. म्हणजे घर चालतं ते वहिनीवर. अंगाने ठेंगणी आणि आवाजाने उंच अशी ही बाई. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायला जात होती, आणि भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला अशी काही उत्तरं द्यायची की गिऱ्हाईक हसत हसत दोन पापलेटं जास्त घेऊन जायचं.

ती हसायची, पण एका गोष्टीवर तिचं हसू जरा आवळून यायचं. मासळीची पाटी घेऊन गाडीत बसायचं म्हणजे रोजची लढाई. सीटवर जागा असली तरी 'मावशी, वास येतो, मागे उभ्या राहा'. लग्नाच्या नव्या नवलाईत एका जीपवाल्याने तिला कुंभवलीला मधेच उतरवलं होतं, कारण पाटीतलं पाणी कुणाच्या तरी पॅन्टवर सांडलं. तिथून बोईसरपर्यंत ती भर उन्हात पायी गेली. ही गोष्ट ती नेहमी विनोद म्हणून सांगते. 'बरं झालं बाय, वाटेतच अर्धी पाटी खपली,' असं म्हणते. पण मी तिला ओळखतो. ती तेव्हाचा राग अजून जपून ठेवून आहे, आणि माझ्या मते ठेवायलाच हवा.

म्हणून 'झटपोच' नावाची कंपनी आली आणि बायकांना बॅटरीच्या रिक्षा चालवायला देणार म्हणाली, तेव्हा पहिला हात वहिनीने वर केला. मी म्हटलं, 'वहिनी, तुम्हाला सायकल तरी येते का?' तर म्हणाली, 'भावजी, तुमच्या आईच्या हाताखाली बारा वर्षं काढली, रिक्षा काय कठीण हाय?' आईसुद्धा हसली. आईला हसवणं हे रिक्षा चालवण्यापेक्षा अवघड काम आहे.

आता कंपनीचा कारभार सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी आमच्याकडे गाडीचा एकच नियम होता, भरली की निघाली. शेवटचा माणूस मिळेपर्यंत डायव्हर बिडी ओढत बसायचा आणि आपण आत घामाघूम व्हायचो. झटपोचने ते सगळं उलटं केलं. रिक्षा कंपनीची, चालवणारी बाई आपली, तिला फेरीमागे बक्षीस. लोकांनी फोनवर महिन्याचा पास घ्यायचा. मग नवापूर ते बोईसरपर्यंत कुठेही चढा, कुठेही उतरा. घरून निघताना ॲपवर बटण दाबलं की गाडी दारात. गाडी कुठे आहे, किती चार्ज आहे, कोण चढलं, हे सगळं पालघरच्या ऑफिसात पडद्यावर दिसतं. पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंत चाचणी. तोवर फेऱ्या चांगल्या आणि चोख झाल्या तर गाडी कायमची चालवणारीच्या हवाली, नाहीतर उचलून दुसऱ्या गावी.

वहिनीने रिक्षेच्या मागे पाट्यांसाठी प्लास्टिकचा कप्पा करून घेतला, त्याला खालून नळी जोडली, म्हणजे बर्फाचं पाणी थेट रस्त्यावर. पाट्या मागे, बायका पुढे गादीवर. पहिल्या दिवशी मासळीवाल्या बायका गादीवर बसल्या त्या अशा ऐटीत, की वाटावं वरातच निघाली. कुंभवलीच्या कारखान्यांतले कामगारही पास घेऊ लागले. 'भाभी का रिक्षा टाइम पे आता है' असं त्यांनी एकमेकांना सांगितलं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि मग कंपनीने ॲप सुधारलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यात बोलणारी बाई घातली. हेतू चांगलाच होता. बटण दाबलं की फोनमधून गोड, शुद्ध, सत्यनारायणाच्या पूजेला आल्यासारखा आवाज यायचा, 'नमस्कार. आपल्याला कुठे जायचे आहे?'

पहिल्याच सकाळी तो आवाज मैनाबाईंच्या ओटीवर घुमला. मैनाबाई म्हणजे आमच्या गावच्या सगळ्यात जुन्या मासळीवाल्या. पाटी डोक्यावर, पाऊल उंबऱ्याबाहेर, आणि फोन विचारतोय कुठे. मैनाबाई जागच्या जागी थांबल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. होडी पाण्यात ढकलताना तर नाहीच नाही, पण बाजाराला निघालेल्या बाईलाही नाही. विचारलं की कामाला खीळ बसते. फारच राहवलं नाही तर 'लांब का?' म्हणायचं, समोरच्याने 'हां, येते' म्हणायचं, संपलं. कोणी विचारलंच तर मागे फिरायचं, घरात जाऊन टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. तुम्ही हसाल. मीही दुकानात बसून हसतो. पण दादा बोटीवर निघतो तेव्हा मी त्याला आजवर हा प्रश्न विचारलेला नाही, आणि विचारणारही नाही.

'निघाली नाय तवर ईचारते कुठं!' मैनाबाई फोनवर कडाडल्या. 'जिभेला काय हाड हाय का नाय गो तुझ्या? कुणाची तू?'

फोनने उत्तर दिलं, 'क्षमस्व, हे ठिकाण सापडले नाही.'

मैनाबाई पाटी उतरवून आत गेल्या, टेकल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा निघाल्या. पण बटण पुन्हा दाबलं तर बाई पुन्हा विचारणार. तसं तीनदा झालं. शेवटी वहिनी बाहेर रिक्षा घेऊन उभी, आत मैनाबाईंचं पोट पाण्याने भरलेलं, आणि ॲपने फेरी आपली आपण रद्द केलेली. तोच प्रकार गल्लीतल्या घराघरांत. त्या दिवशी बाजार गाठायला इतका उशीर झाला की चांगलं मावरं, म्हणजे ताजी मासळी, हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून उचललं होतं. गावाने त्या आवाजाचं बारसं करून टाकलं, 'कुठेबाई'.

संध्याकाळी सगळ्या बायका माझ्या दुकानावर. मी समजावलं की अहो, ते यंत्र आहे, त्याला तुमच्या जाण्यायेण्याचं सोयरसुतक नाही. 'मग ईचारते कशाला?' मैनाबाईंनी विचारलं. मग त्यांनीच तोड काढली. कोणी पाहुण्याने अजाणता विचारलंच आणि मागे फिरायला वेळ नसला, तर आमच्याकडे 'देवीला' असं सांगतात. बोईसरचा रस्ता गावदेवीच्या देवळावरूनच जातो. जाता जाता हात जोडले की खोटंही झालं नाही आणि अपशकुनही टळला. 'हिला पन तेच सांगायचं,' मैनाबाई म्हणाल्या. 'ए कुंदन, आमच्या फोनात देवीचं देऊळ घालून ठेव.' मी घातलं. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, हा धंद्याचा नियम आहे.

दुसऱ्या दिवसापासून गाडी पुन्हा रुळावर आली. कुठेबाई विचारायची, बायका टेचात 'देवीला' म्हणायच्या, देवळापाशी वहिनी जरा वेग कमी करायची, सगळ्या हात जोडायच्या आणि गाडी बोईसरला. पास महिन्याचा असल्यामुळे कोणाचं नुकसान नव्हतं. वहिनीने मात्र पालघरच्या ऑफिसातल्या विनोदला फोन करून हे सांगितलं. विनोद हा आमच्या पट्ट्याचा कंपनीचा माणूस, शिरगावचा पोरगा. तो पोट धरून हसला. 'वहिनी, माझी आई पण असंच करते. पण मी हे सिस्टिमला कसं सांगू?'

सिस्टिमला कोणी काही सांगितलं नाही, आणि सिस्टिमने आपल्या मनाने अर्थ लावला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी. पडद्यावर काय दिसलं असेल बघा. नवापूरच्या सगळ्या बायका रोज सकाळी उठून देवीच्या देवळात जातात, आणि तिथून परत येतच नाहीत! उलट संध्याकाळी त्याच बायका बोईसरहून प्रकट होतात. चमत्काराचं सोडा, पण भक्तीचं हे प्रमाण बघून मुंबईच्या ऑफिसात कोणाला तरी हर्ष झाला असावा.

कारण एका मंगळवारी सकाळी पालघरहून झटपोचच्या चार नव्या रिक्षा आल्या. झेंडूच्या माळा घातलेल्या, काचेवर 'देवदर्शन विशेष सेवा' असा कागद चिकटवलेला. त्या देवळासमोर ओळीने उभ्या राहिल्या. आमचं देऊळ म्हणजे सुरूच्या झाडांखाली एक खोली आणि पत्र्याचा मंडप. दिवसा तिथे एक कुत्रा झोपतो आणि संध्याकाळी पुजारी दिवा लावून जातो. त्या चार डायव्हर बायका दुपारपर्यंत भाविकांची वाट बघत बसल्या. कुत्र्याने जागा बदलून सावलीत घेतली, एवढीच काय ती हालचाल. शेवटी त्यांनीच देवीला नारळ फोडला आणि परत गेल्या. गाव आठवडाभर हसत होतं. मीही हसलो. वहिनी मात्र हसली नाही.

'भावजी,' ती म्हणाली, 'हे हसण्यावारी जाणार नाय.'

तिचं खरं ठरलं. चार गाड्या फुकट गेल्यावर कंपनीत चौकशी लागली. लोक देवळात नसतात, मग रोज फेऱ्या कोणाच्या होतात? आणि ज्या वेळी फेरी देवळापाशी संपायला हवी त्या वेळी गाडी बोईसरला कशी? ॲपने वहिनीच्या नावापुढे लाल खुणा मारायला सुरुवात केली. संशय असा, की पुष्पलता तामोरे ही बाई खोट्या फेऱ्या दाखवून त्याचं बक्षीस घेते आणि कंपनीची गाडी बोईसरला नेऊन स्वतःचा धंदा करते. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

एका सकाळी रिक्षा चालूच होईना. चार्ज भरलेला, चाकं ठीक, पण पडद्यावर कुलपाचं चित्र. पालघरहून, का आणखी कुठून, कोणी तरी बटण दाबलं आणि आमच्या अंगणात गाडी गारठली. मागे पाट्या भरलेल्या, बर्फ वितळतोय, नळीतून पाणी ठिबकतंय. वहिनीने चावी पुन्हा पुन्हा फिरवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला असं बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. मैनाबाईंनी रिक्षेला एक लाथ घातली, पण गाडी बैल नव्हती.

दुपारी विनोदचा फोन आला. आवाज पडलेला. 'उद्या सकाळी स्वाती मॅडम येतायत मुंबईहून. गाडी उचलायला टेम्पो बरोबर आहे. वहिनी खरी आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या माहीत असण्याला तिथे किंमत नाही. बायकांनी स्वतः सांगितलं पाहिजे की आम्ही बोईसरला जातो. तेही पोलिसांत गेल्यासारखं नाही, साधं सांगायचं. एवढं झालं तर मी सांभाळतो.'

मी म्हटलं, सोपं आहे. तोंडात मिठाची गुळणी धरून ठेवलीय का कोणी? पण वहिनीने मान हलवली. 'सकाळची वेळ हाय, भावजी. पाट्या भरलेल्या असतील. त्या कशा सांगतील? आन मी सांगा म्हणणार पन नाय. गाडी गेली तर गेली.' एवढं बोलून ती भांडी घासायला बसली आणि तिने ती इतकी घासली, की आईला म्हणावं लागलं, 'पुरे गो, कलई जाईल.'

सकाळी टेम्पो आला. स्वाती मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील, पायात बूट, खांद्याला पिशवी, बोलायला तुसड्या नव्हत्या. 'मी कोणावर आरोप करायला आले नाही,' त्या म्हणाल्या, 'मला फक्त समजून घ्यायचंय.' गल्लीत सगळ्या मासळीवाल्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे वळून, अगदी हसऱ्या चेहऱ्याने, नेमका तोच प्रश्न विचारला, 'मावशी, तुम्ही सगळ्या रोज सकाळी कुठे जाता?'

झालं. कोणी पदर सारखा करू लागली, कोणी आभाळाकडे बघू लागली. अख्ख्या गल्लीला वाचा बसली. मासळीबाजारात ज्यांच्यापुढे दलाल हात टेकतात त्या बायका शाळेत गृहपाठ विसरलेल्या पोरींसारख्या उभ्या. बघणाऱ्याला वाटावं, या सगळ्या मिळून काही तरी लपवतायत. मॅडमचा चेहरा हळूहळू बदलला. विनोदने कपाळाला हात लावला.

'मॅडम,' वहिनी पुढे झाली, 'त्यांना आत्ता विचारू नका. दुपारी विचारा, सगळं सांगतील.'

'दुपारी मला परत पोचायचंय. आत्ता का नाही?'

'निघताना विचारत नाय आमच्याकडे.'

मॅडमनी एक सुस्कारा टाकला. 'पुष्पलताताई, माझ्यासमोर आकडे आहेत. हे कारण मी वर कसं सांगू?' आणि त्यांनी टेम्पोवाल्याला खूण केली. टेम्पोवाल्याने फळ्या लावायला घेतल्या. रिक्षेचं पुढचं चाक फळीवर चढलं. वहिनी बघत उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत, ती रडली नाही. मागच्या कप्प्यातून तिने फक्त तिचा गाडी पुसायचा फडका काढून घेतला.

तेव्हा मैनाबाई पुढे आल्या. पाटी डोक्यावर तशीच, पाऊल रस्त्यावर. मॅडमच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

'बोयसर,' त्या म्हणाल्या.

मागच्या बायका दोन पावलं पुढे सरकल्या.

'बोयसरच्या मावऱ्याच्या बाजारात. रोज. पुष्पेच्या गाडीत. लिव बाय तुझ्या फोनात, का परत सांगू?'

आयुष्यभर मैनाबाईंनी निघताना कुठे जाते हे सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, लेकाला नाही. मग दुसरी पुढे आली. 'बोयसर. बाजार.' मग तिसरी. 'बोयसरला, सुकी मासळी घेऊन.' एक जण म्हणाली, 'मी बाजाराला नाय, बोयसरच्या चित्रालयाजवळ लेकीकडं, तिला सातवा लागलाय.' ही बातमी तिच्या सख्ख्या जावेलाही नवी होती. पण त्या क्षणी कोणी त्यावर बोललं नाही. एकेक बाई पाटीसकट मॅडमपुढे यायची, आपलं ठिकाण सांगायची आणि बाजूला व्हायची. मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले होते. विनोदचेही. टेम्पोवाला फळी हातात धरून तसाच उभा होता.

मॅडम हुशार बाई. आपल्यासमोर काय घडलं ते त्यांना नीट कळलं. त्या आकड्यांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी फोन काढला, तिथल्या तिथे कोणाशी तरी दोन मिनिटं बोलल्या, आणि रिक्षेच्या पडद्यावरचं कुलूप गेलं. 'चला, मी पण येते तुमच्याबरोबर बोईसरपर्यंत,' त्या म्हणाल्या. 'उशीर झालाय, बाजार चुकायला नको.' गाडी फळीवरून खाली आली. पाट्या चढल्या, बायका बसल्या, मॅडम वहिनीच्या मागे बसल्या. वहिनीने चावी फिरवली. गाडी चालू झाली.

आणि वहिनीने ती बंद केली.

'उतरा सगळ्या,' ती म्हणाली.

'का?' मॅडमनी विचारलं.

'या माझ्यासाठी बोलल्या, मॅडम. तशाच नेल्या तर आज यांचं काय धड होणार नाय, निदान यांच्या मनात तरी तसंच राहील. घरात जाऊ द्या, टेकू द्या, पाणी पिऊ द्या. मग निघू.'

मी वहिनीकडे डोळे वटारून बघत होतो. गाडी आत्ता कुठे हातात आलीय, साक्षात मॅडम मागे बसल्यात, आणि ही बाई त्यांच्यासमोर फेरी थांबवतेय! घड्याळाचं, ॲपचं, लाल खुणांचं काय? पण वहिनी कोणाकडे बघत नव्हती. ती स्वतः उतरून मैनाबाईंची पाटी उतरवून घेत होती. बायका पटापट आपापल्या घरांत गेल्या. मॅडम क्षणभर गाडीतच बसून राहिल्या, मग उतरल्या आणि मैनाबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरल्या. मैनाबाईंनी त्यांना पाट दिला आणि तांब्याभांडं पुढे केलं.

'मग विचारायचं कधी, मावशी?' मॅडमनी पाणी पिता पिता विचारलं.

'आल्यावर ईचार की! पोचल्यावर ईचार. कोन नाय म्हनतंय? कुटं गेली, काय इकलं, कोन भेटलं, बस सांगत.'

मॅडम भांडं हातात धरून थांबल्या. 'पोचल्यावर,' त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग विनोदला हाक मारून म्हणाल्या, 'विनोद, पास असलेल्या माणसाला आपण आधी विचारतोच कशाला? भाडं तर ठरलेलंच आहे.' ते दोघे बोईसरपर्यंत त्यावरच बोलत गेले, असं वहिनीने नंतर सांगितलं. मॅडमच्या बुटांवर कोळंबीचं पाणी सांडलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

महिन्याभरात ॲप बदललं. आता बटण दाबलं की कुठेबाई म्हणते, 'गाडी येत आहे. सुखरूप जा.' आणि उतरल्यावर विचारते, 'कुठे पोचलात?' मैनाबाई तिला इतकं सविस्तर सांगतात, भावासकट आणि भांडणांसकट, की मागच्या बायकांना धक्का मारून त्यांना पुढे न्यावं लागतं. पडद्यावरचा नकाशा सरळ झाला. कुंभवलीच्या कामगारांनाही ते बरं पडलं, कारण शिफ्ट सुटल्यावर त्यांचं कुठे जायचं ते वाटेतच ठरतं. कंपनीने आता दुसऱ्या गावांतही तसंच केलंय आणि त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव दिलंय. विनोदने मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मी विसरलो.

होळीच्या तोंडावर चाचणी संपली. विनोद स्वतः आला, पेढे घेऊन. गाडी वहिनीकडेच राहणार, कायमची. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. नीलेशदादा नेमका घरी होता, म्हणजे झोपलेला होता. तो उठून म्हणाला, 'मग? मी म्हटलंच होतं,' आणि परत झोपला. त्याने कधी काय म्हटलं होतं ते देव जाणे.

वहिनी आनंदात होती. शेवटची फेरी झाली, ॲप बंद केलं, तरी ती अंगणात रिक्षेभोवती घुटमळत राहिली. गादी पुसली, कप्पा धुतला. मग माझ्यापुढे चावी धरली.

'भावजी, चालवा तुमी.'

'मी? कशाला?' माझ्याकडे लायसन्स आहे. धीर नाही. गेल्या वर्षी शिकताना मी दुसऱ्याच्या कुंपणात घुसलो होतो, ते तिला चांगलं ठाऊक आहे.

'चालवा म्हणते ना. नाक्यापर्यंत.'

मी पुढे बसलो. ती मागे गेली. ओल्या हातानेच तिने लुगडं सावरलं आणि गादीच्या बरोबर मधोमध बसली. पाठ टेकली, दोन्ही हात गादीवर पसरले. एवढी वर्षं ही बाई गाड्यांच्या मागच्या फळीवर लोंबकळत गेली, आणि मग इतके महिने सगळ्या गावाला गादीवर बसवून स्वतः पुढे हँडल धरून राहिली. मागे बसायला तिला वेळच मिळाला नव्हता. मी आरशात बघितलं. ती काहीच करत नव्हती. नुसती बसली होती, एखाद्या गिऱ्हाइकासारखी, आणि रस्त्याकडे बघत होती.

'सावकाश घ्या, भावजी,' ती म्हणाली. 'आज मला कुठे उतरायचं नाय.'